कढीपत्त्याला जाळी

नल्लकुंट्याच्या सार्वजनिक बागेत आमच्या बागप्रेमी मंडळाचा एक कोपरा आहे. तिथला कढीपत्ता माझ्या यजमानांनी लावलेला. आसपासच्या बायका फोडणीपुरती पानं न्यायला आल्या की ते स्वतः फांदी वाकवून धरायचे.

ते गेल्यावर मंडळाने त्यांची आठवण म्हणून झाडाभोवती जाळी लावली. वर पाटी, 'पानं तोडू नयेत.' केलं सगळं मायेनंच.

रविवारी आम्ही सगळे खुरपत होतो. पिशवी घेऊन आलेली एक म्हातारी पाटी वाचून मुकाट परतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माणूस गेला," मी मंडळींना म्हटलं, "आता त्याचा हातही बांधता?"

मी जाळीवरून फांदी वाकवून धरली आणि हाक मारली, "अम्मा, या. न्या."