उसात मेलेल्यांचा समीक्षक

मत द्यायच्या आधी ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसायचे, चष्मा पुन्हा नाकावर चढवायचे आणि मग म्हणायचे, "सुरवात बरी हाय. शेवटाला घाई केली." नाटक असो, लग्न असो, गल्लीतल्या कुणाचा सत्कार असो, निकाल ठरलेला. एकदा माझ्या आईने त्यांना पुरणपोळीचं जेवण वाढलं. हात धुऊन आल्यावर त्यांचा चष्मा निघालेला दिसला तशी ती उठून आत गेली. पण आवाज आत गेलाच. कटाची आमटी चांगली जमली होती, ताकाला मात्र घाई झाली होती.

तुमच्याही गल्लीत असा एक जण असेल. नसेल तर तुमच्या गल्लीची सुरुवात बरी असली तरी पुढचं काही खरं नाही.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर ते एकटे राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. नोकरी पोस्टात झाली, पण पोस्टातला माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं. इथल्या एका साप्ताहिकात ते वर्षानुवर्षं हौशी नाटकांची परीक्षणं लिहायचे. स्पर्धेचे दिवस आले की जिल्ह्यातले मास्तर, क्लार्क, कारखान्यातले कामगार तोंडाला रंग लावून उभे राहायचे आणि तिसऱ्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीकडे चोरून बघायचे. तिथे काका बसलेले असायचे, चष्मा पुसत.

त्यांच्या परीक्षणांचा परिणाम व्हायचा, पण उलटा. काकांनी एखाद्या नाटकाला हाणलं की पेठेतली माणसं म्हणायची, "एवढं हाणलंय म्हंजे कायतरी असणार की. चला बघून येऊ." आणि काकांनी चांगलं म्हटलं की तीच माणसं मान हलवायची, "काकास्नी आवडलंय? मग जड असणार. ऱ्हाऊ दे." एकदा एका नाटकाची त्यांनी दोन रकाने भरून स्तुती केली होती, त्याच्या पुढच्या प्रयोगाला प्रेक्षक दोनच होते. एक काका, आणि दुसरा कपडे परत न्यायला आलेला शिंपी. काका पडदा पडेपर्यंत बसले. शिंपीही बसला, कारण राजाचा अंगरखा शेवटच्या प्रवेशात होता.

आता माझं सांगतो. मी आणि इरफान शाळेपासूनचे मित्र. दोघांनीही पुण्यातल्या नोकऱ्या सोडल्या, परत आलो आणि आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसून एक गेम तयार केला. नाव ठेवलं 'फड'. चौघांची एक टोळी, समोर दुसऱ्या चौघांची, आणि मध्ये दाट ऊस. कडेला गुऱ्हाळ, रस उकळायच्या काहिलीतून वाफ निघतेय. ऊस इतका उंच की समोरचा दिसत नाही, वाळलेल्या पाल्याचा आवाज ऐकून बंदूक रोखायची. तो आवाज आम्ही इरफानच्या मामांच्या शेतात जाऊन भरून आणला होता. मामांनी त्याबद्दल आम्हाला कायमचं वेडं ठरवलं.

असल्या गेमची एक अडचण असते. पुस्तक एकट्याने वाचता येतं. हा खेळ आठ माणसं जमल्याशिवाय सुरूच होत नाही. आधी सगळे एका खोलीत जमतात, तिला लॉबी म्हणतात. नवा माणूस तिथे येतो, खोली रिकामी बघतो आणि निघून जातो. मग पुढचा येतो, त्यालाही ती रिकामीच दिसते. अशी दिवसभर माणसं येत होती आणि एकमेकांना चुकवून जात होती.

आम्ही दोघांनी ठरवलं होतं, दिवाळीपर्यंत वाट बघायची. तोवर लॉबी भरली नाही तर 'फड' बंद, आणि इरफानने पुण्याला परत जुन्या नोकरीवर जायचं. त्याच्या बायकोने पिशव्या भरूनही ठेवल्या होत्या.

भरवसा होता तो समीक्षकांवर. एका मोठ्या इंग्रजी संकेतस्थळाने परीक्षण छापलं. आवाज उत्तम, ऊस सुंदर, पण खेळायला माणसंच नाहीत, म्हणून दहापैकी पाच. इरफान मला म्हणाला, "माणसं न्हाईत म्हणून मार्क कमी. आता मार्क कमी म्हणून माणसं येणार न्हाईत. ह्याला काय म्हणायचं?"

तेव्हा आम्हाला खालच्या मजल्याची आठवण झाली. साप्ताहिक अजून चालू होतं, काकांचा रकानाही. आम्ही जाऊन त्यांच्यासमोर बसलो.

"काका, आमच्या गेमवर लिवा की," इरफान म्हणाला.

"लिवतो. आधी बघू तर दे."

"बघा. पण जरा हाणा. चांगलं हाणा. तुम्ही हाणल्याबिगर कोल्हापुरात काय चालत न्हाय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि आमच्याआधी जिना चढायला लागले.

आठवडाभर ते रोज गच्चीवर आले. आम्ही दोघं आणि बाकीची पाच संगणकाने चालवलेली, चाचणीपुरती ठेवलेली बाहुली, अशी त्यांच्यासाठी लढाई लावायचो. काका माऊसवर बोट असं आपटायचे की अजून पोस्टात बसून शिक्के मारतायत असं वाटावं. बंदूक आभाळाकडे, स्वतः काहिलीत. पण ऊस सळसळला की खेळ विसरून डोळे मिटून ऐकत बसायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना गोळी घालायचं.

शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "मला आवडलाय रं हा खेळ."

इरफानचा चेहरा पडला. "काका, असं करू नका."

"आवडलाय त्याला मी काय करू? खोटं हाणू व्हय? एवढ्या वर्षांत कधी खोटं हाणलं न्हाय, आता तुमच्यासाठी सुरवात करू?"

"आमचं दुकान बंद हुईल, काका."

"व्हय, ते हाय," ते म्हणाले आणि उठले. मग खाली जाऊन त्यांनी दोन रकाने भरून स्तुती लिहिली. शेवटाला घाई केली, हे वाक्यसुद्धा त्यात नव्हतं.

परिणाम व्हायचा तोच झाला. गल्लीच्या तोंडाच्या मिसळवाल्याने पेपर घडी करून ठेवला आणि मला म्हणाला, "काकांनी वर उचललंय म्हंजे कॉलेजातल्या अभ्यासासारखं असंल." त्या आठवड्यात लॉबीत येणारी माणसं आणखी कमी झाली. आम्ही हात टेकले.

पण काकांनी टेकले नव्हते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता जिन्यावर त्यांची चप्पल वाजली. माझ्या खुर्चीवर बसले, कानाला हेडफोन चढवला आणि म्हणाले, "मी चांगलं म्हणलंय. आता प्रयोगाला कोण न्हाय म्हंजे लाज माझी जाती. लाव."

"काका, आठ माणसं लागतात."

"बोलवलीत."

त्यांनी खरंच बोलावली होती. ज्यांच्या नाटकांवर त्यांनी आयुष्यभर तोंडसुख घेतलं होतं त्या चार जुन्या हौशी नटांना त्यांनी फोन केला होता. निमंत्रण साधं होतं: तुम्हाला मला गोळ्या घालायला मिळतील, या. चौघेही नातवंडांचे मोबाइल घेऊन वेळेवर हजर झाले. एक निवृत्त मास्तर तर ऊस तुडवत, "एवढी वर्षं लेखणीनं मारलंस, आता घे," असं ओरडत काकांच्या मागे लागले. काका पहिल्या मिनिटाला मेले. आम्ही दोघं धरून सात जण झालो होतो, आणि योगायोगाने आठवा पाहुणा आला, गारगोटी गावचा; लॉबीत नावापुढे गावही दिसायचं. त्याला रिकामी खोली दिसली नाही म्हणून तो थांबला.

मेलेल्या माणसाला सामना संपेपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघता येतो, ही सोय इरफानने सहज ठेवली होती. काकांना तिसऱ्या रांगेतली खुर्ची परत मिळाली. सामना संपला, सगळे लॉबीत परतले, आणि सगळ्यांच्या कानात त्यांचा आवाज आला.

"गारगोटीचं पावणं, हाय का?"

"हाय की. कोण बोलतंय?"

"तुमचं मरण बघितलं. सुरवात बरी हाय. बांधावरनं सरपटत आला ते झकास. पण शेवटाला घाई केली. धावत सुटला आणि गोळीच्या तोंडात गेला. असं मरत्यात व्हय?"

तो माणूस भडकला. तो डेअरीत शेतकऱ्यांचं दूध मोजून घ्यायला बसायचा. संध्याकाळचं दूध साडेपाचला सुरू व्हायचं, तोवर त्याला अर्धा तास मोकळा. कॅन यायला लागले की त्याला उठावं लागे, म्हणून शेवटी तो उभाच धावायचा. हे सगळं त्याने रागारागाने सांगितलं. काका म्हणाले, "कारण इचारलं न्हाय. मरण कसं झालं ते सांगितलं." दुसऱ्या दिवशी पाचला तो पुन्हा हजर. काकांना दाखवून द्यायला.

इथे आमच्या लक्षात आलं बघा. काकांनी गेमला हाणलं नव्हतं, पण खेळणाऱ्यांना हाणायला त्यांच्यावर कुणाची बंदी नव्हती. आणि आपल्या जिल्ह्यातला माणूस एकदा हाणून घेतला की गप्प घरी बसत नाही. तो चार मित्रांना घेऊन परत येतो, हे म्हातारं काय बोलतंय ते ऐका म्हणून. मलकापूरची एक अख्खी क्रिकेटची टीम आली. त्यांच्या कप्तानाला काका म्हणाले, "पडला छान. पण पडताना प्रेक्षकांकडं पाठ केली." तो आठवडाभर तोंड समोर करून मरायचा सराव करत होता. सामन्यानंतरचा हिशेब जिंकलं कोण याचा नसायचाच. सगळे रांगेत उभे राहिल्यासारखे विचारायचे, "काका, माझं कसं झालं?"

त्यांनी मनापासून स्तुती एकदाच केली. पेठ वडगावची एक कॉलेजातली मुलगी गुऱ्हाळामागे एकटी अडकली होती. सुटायला जागा नव्हती. ती पळाली नाही. उसात खाली बसली, पाल्याचा आवाज बंद होऊ दिला, आणि शेवटपर्यंत हलली नाही. काकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पोरी, ह्याला म्हणायचं मरण." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. काका कासावीस झाले. मला म्हणाले, "बघ, चांगलं म्हणलं की माणूस जातंय. शिंपीच तेवढा ऱ्हातोय." पुढे कळलं की तिची परीक्षा चालू होती. ती परत आली त्या दिवशी काकांनी खबरदारी म्हणून तिच्या तीन चुका काढल्या.

दिवाळी आली आणि गेली. पाच वाजता लॉबी भरलेली असायची, मग साडेपाच, सहाही भरायला लागले. इरफानच्या बायकोने भरलेल्या पिशव्या रिकाम्या केल्या. त्याच इंग्रजी संकेतस्थळाने पुन्हा खेळून बघितलं आणि दहापैकी आठ दिले. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "पहिल्यांदा घाई केली त्यांनी," म्हणाले.

त्यांना मी किती मानायचो हे आता सांगायला हरकत नाही. मानायचो, कारण त्यांना आमच्या पोटासाठी एक खोटं वाक्य लिहिता आलं असतं. ते त्यांनी लिहिलं नाही, आणि स्वतःच्या खऱ्या वाक्याची किंमत रोज जिना चढून, रोज पहिल्या मिनिटाला मरून चुकती केली. गुडघे दुखत असताना.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेले, त्रास झाला नाही. पाच वाजेपर्यंत खाली गर्दी जमली होती. मी वर आलो. खुर्ची मोकळी होती, हेडफोन त्यांनी आदल्या दिवशी ठेवला तसाच होता. लॉबीत सगळे आलेले होते. चौघे जुने नट तेवढे नव्हते, ते खाली बसले होते.

मी हेडफोन घातला आणि सांगितलं. जसं आलं तसं सांगितलं.

सामना सुरू करायचं बटण कुणी दाबलं नाही. वडगावची मुलगी रडत असावी, तिने आवाज बंद केला. मग गारगोटीचा बोलला.

"सुरवात बरी हाय," तो म्हणाला. "शेवटाला घाई केली काकांनी."

बाकीचे हळूहळू 'व्हय, व्हय' म्हणाले. त्याच्यामागे डेअरीत कॅन आपटल्याचे आवाज यायला लागले होते, कुणीतरी त्याला हाका मारत होतं. साडेपाच होऊन गेले होते. तो लॉबीतून गेला नाही.