किमोनोवाल्या काकू

चाळिशी उलटलेला, एका मुलीचा बाप असलेला मी, उपवर जपानी मुलीचा पोशाख घालून जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींच्या दिवाळीला गेलो. फ्लोमार्क्टात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, तो रेशमी किमोनो मला दिसला होता. लांबच लांब बाह्या, वर फुलंच फुलं. मला वाटलं, एखाद्या सरदाराचा असणार.

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. फक्त एक पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या, बाहीला धरून मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "या लांब बाह्या बिनलग्नाच्या मुलींच्या. स्थळं बघतोयस का?"

त्या किमोनोवाल्या काकू. कंपनीच्या कामानं काही वर्षं जपानात राहिलेल्या, आता निवृत्त, एकट्याच राहायच्या, आणि घरभर किमोनो. कोरडी हवा असली की ते बांबूंवर वाऱ्याला टाकलेले. खुर्चीपर्यंत वाकून जावं लागे. चहा बाल्कनीत, बाहेर बर्फ असला तरी. किमोनोला बोट लावायचं तर आधी, "हात धुतलेस? गेनाऊ, अगदी बरोबर. पुसलेस? कशाला, पँटला?" किमोनो 'घालतात' म्हटलेलंही खपत नसे. "घालतात ते बनियन. हा नेसतात."

त्यांचा जीव एका काळ्या किमोनोत होता. वरून सगळा कोरा, फक्त पायाशी सारस पक्षी. मी उगाच शहाणपणा केला, "काकू, हा संक्रांतीला ठेवा. एरवी काळं कोण नेसतं?"

"अरे, तिकडे लग्नात मुलाची आई नेसते हा. वरमाय आहे ही, वरमाय! आणि म्हणे संक्रांत!" मग तो अंगावर धरून त्या खोलीभर चालल्या. "बघ. बाई चालली की सारस उडतात. नुसता टांगलास, तर पडदा."

पुढे काकूंच्या मुलीनं त्यांना पुण्याला बोलावून घेतलं. तिथला फ्लॅट लहान. काकूंनी किमोनो वाटायला काढले, पण नेसेल त्यालाच. बाकीचे गेले, काळ्याला माणूस मिळेना. काकू जेवेनाशा झाल्या. मला वाटलं, आपण आहोत की!

"आम्हाला द्या, काकू. सोफ्यामागे काचेत लावतो, वर एक दिवा सोडतो."

काकूंनी तो घडी घालून परत कपाटात ठेवला.

परतताना बसमध्ये माझी बायको, सुजाता, म्हणाली, "त्या एवढं सांगून थकल्या, आणि तू काच लावणार? मी नेसेन तो." आणि दर शनिवारी शिकायला जाऊ लागली. कमरेचा पट्टा आवळायला मला धरलं. मी बैल ओढावा तसा ओढला.

"अरे, श्वास घेऊ दे तिला!" काकू ओरडल्या. "संसार करायचाय तुला अजून!"

काकू निघाल्या त्या सकाळी सुजाता स्टेशनवर तो काळा किमोनो नेसून आली. काकूंनी तिची मागची कॉलर जरा खाली ओढली, म्हणाल्या, "चाल." ती प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. सायकलवाले थांबून बघत होते. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "झालं माझं काम," एवढंच म्हणाल्या.

गाडी आली. त्या पायरीवर चढल्या तेव्हा मी म्हणालो, "काकू, सगळ्यांना काही ना काही दिलंत. मला?"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"तुला शोभेल असं जपान्यांनी अजून काही शिवलेलं नाही."