सर्व्हरच्या यादीतलं शेवटचं नाव

बेळगावात शहापूरला आमच्या वडिलांचे माग आहेत, आता धाकटा भाऊ चालवतो. लग्न होऊन निपाणीला आले तरी साडीच्या काठ-पदराची डिझाइनं मीच काढायची आणि घरातूनच कारखान्यातल्या सर्व्हरवर टाकायची. तो लिनक्सचा सर्व्हर मीच बसवलेला. कारखान्यात ज्याला जी हाक, तेच त्याचं लॉगिन. भावाचं 'अण्णा', माझं 'आक्का'.

दिवाळीनंतरचं पहिलं डिझाइन पाठवायला बसले, तर सर्व्हर मला आत घेईना. भावाला फोन केला.

"पासवर्ड चुकत असंल, आक्का. परत बघ की."

चार दिवस बघितलं. रोज फोन, रोज तेच उत्तर. पाचव्या दिवशी सकाळची बस धरून शहापूर गाठलं.

भावानं चहा मागवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसला. सर्व्हर ठणठणीत होता, बाकीचे सगळे आत जात होते. मी माझं नाव टाइप केलं, तर पासवर्ड विचारायच्या आधीच नकार आला. म्हणजे पासवर्डचा काही संबंधच नव्हता. हे मला निपाणीतच सुचायला हवं होतं, पण पाठच्या भावावर संशय घ्यायला माझं डोकं तयार नव्हतं.

या सर्व्हरमध्ये एक यादी असते. तिच्यात ज्याचं नाव, त्याला दारातूनच परतवून लावायचं. भावाच्या लॉगिननं ती फाइल उघडली. सगळ्यात खाली 'आक्का'. फाइल बदलल्याची तारीख भाऊबीजेच्या आदल्या दिवसाची. म्हणजे हे करून दुसऱ्या दिवशी हाच निपाणीला येऊन माझ्यापुढं पाटावर बसला होता. ओवाळून घेतलं आणि जाताना चकल्याही मागून नेल्या.

"हे तू घातलंस?"

त्यानं कप खाली ठेवला. "दुसरा डिझायनर ठेवलाय. तुला तोंडावर कसं सांगायचं, आक्का?"

"म्हणून चार दिवस पासवर्ड बघायला लावलास?"

"ही रीत तूच शिकवलीस न्हवं?"

मी माझा चहा बाजूला सारला. भांडला असता, नको म्हणाला असता, तर मी गप घरी बसले असते. यानं केसानं गळा कापला.

मग माझ्या वरची ओळ दिसली. 'मामा'. आमचे जुने डिझायनर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. नजर कमी झाली, चुका वाढल्या, तेव्हा ते नाव मीच तिथं घातलं होतं, भावाला याच खुर्चीत शेजारी बसवून. आठवडाभर मामांचे फोन येत होते. पासवर्ड परत बघा, असं मी त्यांना सांगत होते.

माझी ओळ पुसायला एक बटण पुरे होतं. ती तशीच ठेवून मी निपाणीची बस धरली. भावाला अजून माफ केलेलं नाही. मामांनी मला केलं होतं का, हे विचारायला ते आता नाहीत.