मावशीच्या हातातल्या मुंग्या

गौरव्वा मावशीच्या दारात भाकरी घ्यायला आलेलं नवं गिऱ्हाईक हमखास दचकून मागे सरायचं. मावशी थापता थापता मध्येच उजवा हात असा काही झटकायची, की बिचाऱ्याला वाटावं, ही आपल्यालाच हाकलतेय. "तुला न्हाय रं, मुंग्यांना हाकलतीया!" ती खदखदून हसायची. "अंगठा आन् ही दोन बोटं झोपल्याती. करंगळी तेवढी जागी, धाकट्या सुनंवानी!"

नवी पेठेमागच्या आमच्या बोळात तिच्या कडक भाकऱ्यांच्या चळती लागलेल्या असायच्या. शेजारीच माझं कापडाचं दुकान. दुपारी मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचो. भाकरी हे निमित्त, तिच्या शिव्या खाणं हा खरा कार्यक्रम.

एकदा करपल्याचा वास आला. "मावशी, भाकरी जळतेय!" मी ओरडलो. भाकरी नव्हती, तिचं बोट तव्याला टेकलं होतं आणि तिला पत्ताच नव्हता. त्या दिवशी मात्र ती हसली नाही. "हात गेल्यावर मी काय करू रं? नुसतं बसून ऱ्हाऊ?"

तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. वर्षानुवर्षं थापून मनगटात सूज आली होती आणि तिथल्या अरुंद वाटेतून बोटांकडे जाणारी नस दबली होती. झोपताना मनगट सरळ राहावं म्हणून त्यांनी एक पट्टा आणायला सांगितला. महिने गेले, फरक शून्य! डॉक्टर चक्रावले. "पट्टा बांधता कुठं?" मावशीनं ऐटीत कोपरापाशी बोट दाखवलं. मनगटावर हिरव्या बांगड्या होत्या ना! "नवरा जित्ता असताना मी त्या काढू व्हय? डॉक्टर हाय का वैरी?"

आता ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि मावशी हटून बसली. शेवटी तिचे अबोल मालक, सिद्धप्पा काका, साबणाचं पाणी घेऊन समोर बसले आणि एकेक बांगडी उतरवू लागले. "गौरा, माजा जीव काय ह्या काचंत हाय व्हय?" मावशी तोंड फिरवून रडत होती.

मनगटाला छोटीशी चीर दिली, नस मोकळी झाली, मुंग्या गेल्या. पण उशीर झाला होता. अंगठ्याखालचं मांस झडलेलं. पीठ मळायला जोर येईना. बोटांना पुन्हा कळू लागेल का, हे डॉक्टरही सांगेनात. मावशीनं चूल विझवली आणि दोघं मंद्रूपला, आपल्या गावी निघाली.

टेम्पोत बसल्यावर तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि चमकली. पुन्हा फिरवला.

"आरं मुडद्या, दाढी करत जा की! टोचतंय!"

मग स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिली. काका हसत होते, मी रडत होतो, आणि टेम्पो हलला.

वर्षभरात मावशी गेली. हल्ली मी मुद्दाम दोन-दोन दिवस दाढी करत नाही. कुणी ओरडत नाही.