विच नव्हे, जाणती

मुलांनो, परवा फोनवर धाकटीने सांगितलं की तिने शाळेत आजीच्या गावातल्या 'विच'वर निबंध लिहिला आणि तो बाईंना फार आवडला. मी हसले, पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. हा शब्द आमच्या गावात एकदा चुकून आला होता आणि तो मीच आणला होता. आता तो तुमच्या वहीत पोचला, म्हणून लिहायला बसले. तुमची आई वाचून दाखवील. तीही यात आहे, आठ महिन्यांची.

वडवणीजवळच्या आमच्या गावात मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. समोरच्या घरात एक म्हातारी राहायची. गाव तिला जाणती म्हणायचं. बाळ दूध पिईना किंवा उगाच किरकिर करू लागलं की बाया त्याला तिच्याकडे न्यायच्या. ती मीठ-मोहऱ्या बाळावरून उतरवून चुलीत टाकायची. मोहऱ्या तडतडल्या की "लई वंगाळ नजर होती" म्हणून बाळाचा पापा घ्यायची. तिचा मुलगा आणि सून लेकरांसह सहा महिने ऊसतोडीला जात. त्या दिवसांत दारात येणारी ही बाळं हीच तिची सोबत.

एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, दृष्ट काढणाऱ्या बाईला इंग्रजीत काय म्हणतात. तास संपत आला होता. मी म्हटलं, विच. मुलीने घरी गाईडात पाहिलं. तिथे अर्थ होता, चेटकीण. दोन दिवसांत ते गावभर झालं. इंग्रजीच्या बाईंनी सांगितलंय म्हटल्यावर शंका कोण घेणार? बाळं येईनाशी झाली.

आठवड्याने म्हातारी माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बाई, मी चेटकीण हाय का?"

मी नाही म्हटलं.

"मग शाळेत कावून सांगितलं?"

पुस्तकात नीट बघून सांगते, म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. आधी तिच्यासाठी, मग गंमत वाटू लागली म्हणून वाचत गेले. बाजारात कानातून रुपया काढून दाखवतो तो मॅजिशियन. ती हातचलाखी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी टाळ्या पडतात. दुसऱ्याचं वाईट करायला मंत्र वापरतो तो सॉर्सरर, म्हणजे आपल्याकडचा करणी करणारा. स्पेल म्हणजे मंत्र, आणि मी रोज वर्गाकडून घोकून घेत होते तेही स्पेलिंगच. विझर्डच्या मुळाशी निघाला वाइज, म्हणजे शहाणा. मला जरा रागच आला. पुरुष तेवढा शहाणा आणि बाई चेटकीण? पण वाइजच्याच रकान्यात खाली आणखी एक नोंद होती, वाइज वुमन. खेड्यात झाडपाला आणि उतारे जाणणारी बाई.

म्हणजे जाणतीच की! गावाचा शब्द बरोबर होता, कच्चं होतं ते माझं इंग्रजी.

वर्गात मी चूक कबूल केली, फळ्यावर सगळे शब्द लिहून फरक सांगितला. पण फळ्यावरचं गावात जाईल याची खात्री नव्हती. म्हणून संध्याकाळी, दारासमोरच्या हापशावर बाया पाण्याला जमल्या असताना, तुमच्या आईला कडेवर घेतलं आणि सर्वांदेखत रस्ता ओलांडून म्हातारीकडे गेले.

"घावलं का पुस्तकात?" तिने विचारलं.

"घावलं. जाणतीच लिहिलंय."

"मग आदीच बगायचं न्हाई का, बाई," असं म्हणत तिने मिठाचा डबा काढला.

नजर लागते यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तुमच्या आईने तर उतारा होईपर्यंत भोकाड पसरलं होतं. पण मोहऱ्या तडतडल्या तशी हापशावरची एक बाई घागर तिथेच ठेवून आली आणि नजर किती होती म्हणून विचारू लागली. तिसऱ्या दिवशी ती आपला नातू घेऊन गेली. मग बाकीच्याही जाऊ लागल्या.

धाकटे, निबंधातला तेवढा एक शब्द बदल. बाईंनी विचारलं तर आजीची चूक म्हणून सांग.

म्हातारी आता नाही. तिची सून ऊसतोडीला जायची थांबली आहे. मीठ-मोहऱ्या आता ती उतरवते, आणि गाव तिलाही जाणतीच म्हणतं.