सकरचा फाटलेला पर

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत आर्णीतलं माझं दुकान दिवसभर उघडं असायचं आणि रिकामं असायचं. फवारणीचे पंप, नोझल, पाइप. आठवडी बाजारात ताडपत्रीवर पाइपाचे तुकडे मांडून मी सुरुवात केली होती, कोणाच्या बापाच्या जिवावर नाही. त्यामुळे हात बांधून बसणं मला शिक्षेसारखं वाटे. घरी आलो की मी पंख्यावर, पेपरावर, भाजीवर ओरडायचो. बायको माशांच्या टाकीसमोर जाऊन बसायची.

टाकीत चार-पाच रंगीत मासे आणि एक सकर. काळा, खरबरीत, वीतभर लांब, काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा. बायकोचा जीव त्या काळ्यावरच. "हा बरा," म्हणायची. "दिवसभर तोंड चालते, पन आवाज येत नाही."

दिवाळीनंतर ती आठ दिवसांसाठी कळंबला भावाकडे गेली. त्याच्या शेतात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला माणूस मिळत नव्हता. जाताना एवढंच म्हणाली, "टाकीले हात लावू नका. मी आल्यावर पाहीन."

तिसऱ्या दिवशी मी हात लावला. काच हिरवी झाली होती, ती यायच्या आत लख्ख करून ठेवू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सकाळी एका गिऱ्हाइकाने तासभर घासाघीस केली आणि समोरच्या दुकानातून पंप नेला. दुपारी जेवायला आलो ते तो राग घेऊनच. मासे बादलीत काढायला जाळी घातली. सकरच्या पराच्या पुढच्या कडेला काटा असतो, घाबरला की तो ताठ करतो. काटा जाळीत अडकला. कात्रीने जाळी कापायची, दोन मिनिटांचं काम. मी शेपटीकडून धरून ओढला.

बाजूचा पर मुळापासून उभा फाटला. कल्ल्यामागे कातडी सोलून पांढरं दिसायला लागलं. टाकीत सोडला तसा तो दगडामागे गेला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळी कळंबहून फोन आला. वेचणीचं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तो कसा हाय?"

"मस्त हाय."

"खाऊन राह्यला ना?"

"खाऊन राह्यला."

आता औषध हवं होतं. माशांचं दुकान यवतमाळला, मोटरसायकलवर तासाभराचा रस्ता. पण त्या दुकानाची पायरी चढायची नाही असं मी वर्षभरापूर्वी ठरवलं होतं. त्याने मला दिलेली सोनेरी जोडी दुसऱ्याच दिवशी मेली होती. मेलेले मासे पिशवीत घालून मी एवढा रस्ता तुडवत गेलो, आणि तो भर दुकानात म्हणाला, "भाऊ, पानी तुमचं खराब असन." चार माणसं हसली. मासे आजारीच होते. आजही मी तेच म्हणतो.

सकर घेताना त्याने बजावलं होतं की या जातीला मीठ सोसत नाही. घरात फुकट पडलेली वस्तू विकणारा नको म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात काय असतं, ते मला कोणी शिकवायला नको. पंपाचं जुनंच वायसर उलटून लावा, नवं घेऊ नका, असं मी कधी गिऱ्हाइकाला सांगितलं आहे? औषधाची बाटली विकायची असणार त्याला, दुसरं काय. शिवाय दुकानात आलेला एक म्हातारा म्हणाला की मिठानं माशाची जखम भरते. मला तेच ऐकायचं होतं. मी चांगलं मूठभर मीठ टाकलं.

सकाळी सकर दगडामागून बाहेर आला होता. मला बरं वाटलं, ते क्षणभरच. तो काचेवर धडका देत होता. वर यायचा, तोंड उघडायचा, आडवा होऊन खाली जायचा. अंगावर पांढरट बुळबुळीत थर आला होता. बाकीचे मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. मी दुकान उघडलं नाही. गाडी काढली.

दुकानदाराने मला लगेच ओळखलं. "या भाऊ. आज पिशवी नाही?"

मी ऐकून घेतलं. पराचं, जखमेचं काय झालं ते सांगितलं.

"मीठ टाकलं काय?"

"नाही."

सौद्यात पहिला शब्द माझा असाच निघतो. त्याने मागे वळून निळ्या औषधाची बाटली काढली, पण हातातच ठेवली.

"पक्कं नाही ना टाकलं? मीठ असन आन् वरून हे गेलं, तर संध्याकाळपर्यंत आटोपते त्याचं."

बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. सगळ्या आयुष्यात मी समोरच्याला माझी अडचण कळू दिलेली नाही. कळली की तो चढतो.

"टाकलं," मी म्हणालो.

"किती?"

मी मूठ उघडून दाखवली. तो हसला नाही. बाटली परत फळीवर ठेवली. "औषध राहू द्या. आत्ता जाऊन तिसरा हिस्सा पानी काढा. मंग रोज चौथा हिस्सा. नळाचं डायरेक नाही टाकायचं, दोन दिवस ड्रममंदी ठेवलेलं. आन् टाकीवर कपडा टाका, अंधार करा."

काहीच विकत नाही म्हटल्यावर मला पुन्हा शंका आली. "बाटली काहून देत नाही?"

"तुमाले बाटली पायजे का मासा पायजे?"

"दोन दिवसांत बरा होईन?"

"भाऊ, ह्याच्यात कमीजास्त होत नाही."

घरी ड्रममध्ये चार दिवसांपूर्वीचं पाणी होतं, एवढंच नशीब. नळ आमच्याकडे रोज येत नव्हता, आणि आला की ब्लीचिंगचा वास घेऊन यायचा. प्यायचं, आंघोळीचं आणि माशाचं पाणी मी वेगवेगळं मोजायला लागलो. दुकान मध्येच बंद करून घरी यायचो, कपडा थोडा उचलून बघायचो. तो दगडामागे. कल्ले हलताहेत का एवढंच बघायचो. कधी ते हलायचे थांबल्यासारखे वाटायचे आणि मी काचेला नाक लावायचो. मग हलायचे. काकडीची चकती चमच्याला अडकवून तळाला ठेवायचो, दुसऱ्या दिवशी ती तशीच मऊ पडलेली काढायचो. फोन आला की मी म्हणायचो, मस्त हाय. खाऊन राह्यला.

ती एक दिवस आधीच आली. वेचून वेचून बोटांची टोकं फाटली होती. चप्पल काढायच्या आधी तिने टाकीवरचा कपडा उचलला. वाकून दगडामागे पाहिलं.

"जाळीनं काढला?"

"हो."

"मले फोनवरच समजलं होतं. तुमी कोनाले मस्त म्हनता कधी?"

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती तशीच खाली बसली. मीठ, यवतमाळ, ड्रम, सगळं मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिने नवी काकडी मागितली. मी चिरून दिली.

त्या काकडीला त्याने तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आदल्या रात्रीची चकती काढली तेव्हा मधला गर खरवडलेला होता, नुसती साल कड्यासारखी उरली होती. ती ते कडं हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. मी दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

कातडी भरली. पर तसाच राहिला, फाटीच्या जागी आखूड आणि वाकडा. तो पोहताना एका अंगाला थोडा झुकतो. ती समोर बसली की काचेवर येतो, माझी सावली पडली की दगडामागे जातो. एकदा मला राग आलाच. मी टाकीत तोंड घालूनच म्हणालो, "बेइमाना, इतके दिवस तुह्यं पानी कोनं बदललं?"

"आन् फाडला कोनं?" बायको मागून म्हणाली. "सरका तिकडे. खाऊ द्या त्याले."

मी सरकलो. तो माझ्या देखत अजून खात नाही. मी दाराआडून बघतो.