शोभाताईंचं क्रॉसिंग आणि दहावीचा पेपर

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी विज्ञानाचं पुस्तक घेऊन साखरखेर्ड्याजवळच्या एका शेडनेटमध्ये उभी होते. शोभाताईंची शिकवणी घ्यायला...

शोभाताई आमच्या गल्लीतल्या. वय एकोणचाळीस. टोमॅटोच्या संकरित बियाण्यासाठी फुलांचं क्रॉसिंग करतात, म्हणजे एका झाडाचे पराग हाताने दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावतात, बारा वर्षं झाली. नव्या पोरींना त्याच शिकवतात, पण सुपरवायझर व्हायला दहावी पास लागतं. म्हणून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि मी हायस्कूलवर विज्ञान शिकवते म्हणून माझ्याकडे आल्या.

फुलाच्या धड्यावर मात्र गाडी अडली. पुमंग, जायांग, कुक्षी... आठवडाभर पाठ करून घेतलं, पण रोज सगळं उलटंपालटं. शनिवारी त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, "मॅडम, मले नाही जमत. फॉर्मचे पैसे गेले समजा."

 मी म्हटलं, उद्या तुमच्या कामावर येते.

शेडनेटमध्ये त्यांनी एक मिटलेली कळी बोटात धरली. चिमट्याने आतली पिवळी नळी अलगद ओढून काढली. "हे नर. कळी उमलायच्या आत काढा लागते. नाही त स्वतःचीच पूड स्वतःले लागून जाते."

मी म्हटलं, "ताई, यालाच स्वपरागण म्हणतात. आणि ती नळी म्हणजे पुमंग."

 त्यांनी कालच नर काढलेल्या फुलाच्या हिरव्या दांडीचं टोक डबीतल्या पुडीत बुडवलं. "मंग हे दुसऱ्या झाडाची पूड लावतो, ते परपरागण? अन् हे टोक कुक्षी?"

"हो."

"अन् खाली हा मोहरीएवढा दाणा... याचंच टमाटं होते. हा अंडाशय!"

मग त्या जोरात हसल्या. "हे त मी रोज करून राह्यली! एवढे अवघड नावं काऊन ठेवले पुस्तकात?"

मीही चिमटा मागितला. पहिल्याच कळीची दांडी मोडली. "गेलं, मॅडम. आता हिले फळ नाही." दुसरी मोडली, तिसरीही... चौथीला त्यांनी माझा हात धरून माझ्याकडून नर काढून घेतला.

मार्चमध्ये परीक्षा झाली, मग निकाल लागला. विज्ञानात त्रेसष्ट. गणित राहिलं, चार मार्कांनी. तिसऱ्या दिवशी ताई गणिताची वही घेऊन आल्या.

या वर्षी फुलाचा धडा शिकवायला मी त्यांना वर्गात बोलावलं. कळ्या आणि चिमटा त्यांनीच आणला. मी मागच्या बाकावर बसले होते... आठ वर्षं शिकवतेय हा धडा, पण इतकी शांतता माझ्या तासाला कधी नव्हती. आभार, ताई.